पाण्याच्या रंगाचं जॅकेट

प्रभाकररावांनी आपला प्लास्टिकचा डबा उघडून ओट्यावर ठेवला, तेव्हा धुरपताबाईला हसू आलं. पण माणूस नागपूरहून गाडी चालवत आलेला, वयानं मोठा. तिनं हसू पदराआड दाबलं आणि वाकून पाहिलं. डब्यात बारीक कप्पे होते आणि प्रत्येक कप्प्यात एक नकली मासोळी. चांदीसारखं अंग, खवल्यांच्या नाजूक रेघा, काळ्या बुबुळाचा डोळा, पोटाखाली तिहेरी गळ. इतक्या हुबेहूब की मांजरानं झडप घालावी.

"मांजर घालीन झडप," ती म्हणाली. "मरळ नाई घालत."

प्रभाकरराव बँकेतून निवृत्त झालेले. दर रविवारी आंजीमार्गे टेंभरीच्या धरणावर यायचे, सकाळभर काठावर उभं राहून मरळ या शिकारी माशासाठी गळाची दोरी फेकायचे आणि दुपारी रिकाम्या हातानं परत जायचे. चहाच्या टपरीवर कोणीतरी त्यांना सांगितलं, नव्या टेंभरीत पहिल्याच गल्लीत एक बाई लाकडाच्या मासोळ्या करते, तिला विचारून पाहा. म्हणून ते आले होते, आणि जरासे दुखावलेही होते.

"अहो, पण ह्या तुमच्या तलावातल्या मासोळीसारख्याच आहेत. फोटो दाखवून निवडल्यात मी."

"तेच तं झालं ना, साहेब. तुमी कवा कापूस वेचला का?"

नव्हता वेचला.

"पांढऱ्या वावरात हजार बोंडं फुटून राह्यते. पह्यले नजर कुठी जाते? कवडीवर. किडकं, पिवळं, डागाचं बोंड. वेचाचं नसते, तरी डोळा तिथीच जाते. अन् तुमी हजार चांदीच्या मासोळ्यात अजून एक चांदीची टाकून राह्यले. मरळ काऊन तिलेच खाईन?"

प्रभाकररावांनी आपला डबा मिटला. धुरपताबाई आत जाऊन बिस्किटाचा जुना डबा घेऊन आली. तिच्या मासोळ्या पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाच्या होत्या, ओबडधोबड, बोटापेक्षा जरा मोठ्या. एक अर्धी पिवळी, अर्धी काळी. एक सगळी काळी, फक्त गालफडाशी तांबडा ठिपका. एक जवळजवळ प्रभाकररावांच्याच मासोळीसारखी, पण एका अंगाला खवलं निघाल्यासारखा पांढरा चट्टा. तिनं विचारलं, आज पाणी कसं आहे. ते म्हणाले, स्वच्छ आहे, पावसाळ्यासारखं गढूळ नाही. मग तिनं काळी बाजूला सारली. गढूळ पाण्यात काळी चालते, ती म्हणाली, कारण तिथं रंग दिसत नाही, सावली दिसते. स्वच्छ पाण्यात सगळं इतरांसारखं ठेवायचं आणि एकच गोष्ट चुकवायची.

"वेगळी दिसली पाह्यजे, साहेब, पण परकी नाई. परकीले भेते थे. आपल्यातलीच, पण काहीतरी बिघडलेली." तिनं चट्ट्याची मासोळी उचलून तिच्या तोंडाशी बसवलेली पत्र्याची जीभ अंगठ्यानं किंचित वाकवली. "आता ही सरळ नाई जाणार. दोनदा नीट जाईन अन् तिसऱ्या ओढीले कलंडीन."

दुपारी प्रभाकरराव परत आले ते चार किलोची मरळ पोत्यात घालून. पण चेहरा उजळलेला नव्हता. तिसऱ्याच ओढीला लागली, ते म्हणाले, इतक्या जोरानं की हातातली काठी जाता जाता राहिली. धुरपताबाईनं पोत्यात डोकावून पाहिलं नाही. तिनं एवढंच विचारलं,

"त्याच्या आधी पाणी गप झालंतं का?"

प्रश्न त्यांना समजला नाही. त्यांनी पुन्हा विचारल्यावर ती म्हणाली, काही नाही, आणि मासोळी धुवायला पाणी आणून दिलं.

धुरपताबाईचा हात रंगात बसला तो पुलगावला. नवरा बापूराव ट्रकांवर आणि मोटारींच्या पाट्यांवर नंबर रंगवायचा. बाहेरची रेघ तो ओढायचा आणि आतला रंग ही भरायची, कारण हिचा हात थरथरत नसे. छातीच्या आजारानं बापूराव गेला, त्याला आता अकरा वर्षं झाली. दुकान दुसऱ्यानं घेतलं. रंगाचे उरलेसुरले डबे घेऊन ती मुलासह सासरच्या गावी परतली. पण गाव तिथं नव्हतं. जुनी टेंभरी धरणाच्या पाण्याखाली गेली होती. वर माळावर नवी टेंभरी वसवलेली, सरळ रेघेतल्या गल्ल्या, घरांवर नंबर, टोकाला विहार.

मुलगा नागसेन मच्छीमार संस्थेत लागला. महादेवराव नावाचे जुने धीवर त्याला डोंग्यावर, आपल्या लहान होडीवर, घेऊन जायचे, आणि दोन वर्षांत पोरगं असं तयार झालं की महादेवराव म्हणत, याच्या आज्यानं नक्की कुठंतरी चोरून जाळं टाकलं असणार. रविवारी शहरातले हौशी लोक यायचे, त्यांच्या तुटक्या मासोळ्या नागसेन काठावरून वेचून आणायचा. धुरपताबाईनं एक उकलून पाहिली, पांगाऱ्याच्या फांदीवर तशीच कोरली, आणि घरात नंबरपाटीचा पिवळाच रंग उरला होता म्हणून पिवळी रंगवली. सगळे हसले. त्या मासोळीला पहिल्याच दिवशी मरळ लागली. दुसऱ्या दिवशीही लागली.

का लागते ते तिला बरंच नंतर समजलं, आणि समजलं नसतं तर बरं झालं असतं, असं ती म्हणायची.

जुन्या गावाचा डांबरी रस्ता धरणात उतरतो, ती जागा तिनं मासोळ्या तपासायला धरली होती. रस्ता आधी घोट्याएवढ्या पाण्यात जातो, मग गुडघ्याएवढ्या, मग त्याची काळी पट्टी हिरवट होत होत दिसेनाशी होते. हिवाळ्यात पाणी इतकं निवळतं की बुडालेला मैलाचा दगड दिसतो. धुरपताबाई तिथं, रस्त्यावरच्या जुन्या छोट्या पुलाच्या कठड्यावर, पालथी पडून तासन्‌तास खाली बघायची. एकदा बारीक मासोळ्यांचा एक मोठा थवा रस्त्यावरून चालला होता, जशी शाळा सुटल्यावर पोरं जातात. त्यात एकीच्या पाठीवर बुरशीचा पांढरा डाग होता.

"थवा थांबला," ती सांगायची. "अन् डागवालीच्या सभोवताल जागा होऊ लागली. एक वीत. मंग एक हात. तिले कोणी ढकललं नाई, बाकीच्याच सरकल्या. ती जिकडं जाये तिकडं ह्या सरकत. मंग पाणी गप झालं. एकबी बुडबुडा नाई. अन् मंग खालून तोंड आलं."

तोंडाचं तिला काही वाटलं नव्हतं. मरळ मासोळी खाते, त्यात काय. पण त्या आधीची ती मोकळी जागा तिच्या डोळ्यांपुढून हलेना. घास कोणता, हे मरळीनं ठरवलंच नव्हतं. ते आधीच ठरून गेलं होतं.

पुढच्या दोन वर्षांत धरणात दोन माणसं गेली. पहिला राकेश, पुलगावचा, वीस-बावीसचा पोरगा. अंगात चमकदार पोपटी जर्सी. मित्रांसोबत पोहायला उतरला. धुरपताबाई कठड्यावर होती. राकेशच्या आजूबाजूला पाण्यावर बारीक मासोळ्यांचे बुडबुडे उठत होते, रिमझिम पडल्यासारखे, आणि ते अचानक थांबले, फक्त त्याच्याभोवती, खळ्याएवढ्या गोलात. ती उठून ओरडणार तेवढ्यात तो गोल रिकामा झाला. लोक म्हणाले, पायात गोळा आला. दुसरी आनंदाबाई, गावातलीच, शिंगाडे काढायला कमरेएवढ्या पाण्यात शिरलेली. नातीच्या बारशाची हळदी रंगाची साडी तिच्या अंगावर होती. लोक म्हणाले, गाळात पाय रुतला.

नागसेनला आईचं हे बोलणं मुळीच सहन होत नसे. "माय, आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. दर पौर्णिमेले विहारात बसते अन् घरी येऊन पाण्यातलं भूत सांगते."

"भूत कोण म्हणते? मी मासोळीची गोष्ट सांगून राह्यली."

"मंग मासोळीपुरतीच ठेव ना वं."

ती ठेवायची मासोळीपुरती. घरातली सून मयुरी धरणाकडं निघाली की तेवढं तिला मळकी ओढणी घेऊन जा म्हणायची, आणि मयुरी हसून ओढणी बदलायची. वाद वाढला तो डिसेंबरात, जेव्हा संस्थेनं सगळ्यांना जॅकेटं वाटली. पाण्यात पडलं तरी माणूस तरंगत राहील अशी, फुगीर, छातीशी पट्ट्यांची. जॅकेट नसेल त्यानं डोंगा काढायचा नाही, असा ठरावही झाला. नागसेननं आपलं घरी आणून खुंटीला टांगलं. जॅकेट नारंगी होतं. संध्याकाळच्या अंधाऱ्या खोलीत तेवढं एकच दिसत होतं.

धुरपताबाई जेवताना त्याच्याकडं पाठ करून बसली.

"हे नको घालू," ती म्हणाली.

"नियम हाय."

"मंग दुसऱ्या रंगाचं माग."

"माय, नारंगी काऊन असते माहीत हाय का तुले? दुरून दिसावं म्हणून."

"कोणाले दिसावं?"

नागसेननं घास खाली ठेवला. मयुरीनं नवऱ्याकडं पाहिलं, मग सासूकडं, आणि उगाच भाजीचं पातेलं उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून नागसेन तीन दिवस नात्यातल्या लग्नाला अल्लीपूरला गेला. धुरपताबाईनं रंगाचे डबे बाहेर काढले. काळा, पांढरा, हिरवा, कणभर निळा, चिमूटभर गेरू. आधी तिनं धरणाचं पाणी बाटलीत भरून आणलं, पण बाटलीत आल्यावर पाण्याला रंगच उरत नाही. मग ती फळीवर रंग लावून, तो सुकवून, काठाशी जायची आणि फळी पाण्याशी धरून बघायची. कड दिसली की परत घरी. पुन्हा कणभर गेरू. असं दिवसभर. तिसऱ्या दिवशी सकाळी फळीची कड दिसेना. फळी कुठं संपते आणि पाणी कुठं सुरू होतं, ते बोट लावूनच कळत होतं.

तिनं जॅकेट रंगवलं. पट्ट्यासुद्धा रंगवल्या. वाळायला काठावरच्या बाभळीला टांगलं, हात धुवायला वळली, आणि परत पाहते तर जॅकेट नाही. तिनं स्वतः टांगलेलं, आणि तिलाच सापडेना. वाऱ्यानं फांदी हलली तेव्हा ते पुन्हा दिसलं. तिला इतकं समाधान बापूराव गेल्यापासून वाटलं नव्हतं.

नागसेन आल्यावर संतापला. पण रंग निघेना आणि दुसरं जॅकेट मिळेना. नियमात जॅकेट लिहिलं होतं, रंग लिहिला नव्हता. डोंग्यापाशी महादेवरावांनी ते हातात घेऊन उलटसुलट केलं आणि म्हणाले, "वयनी, भारी काम केलं. आता तुमच्या पोराले मासोळी चाटून गेली तरी तिले समजणार नाई."

"तेच पाह्यजे भाऊजी," ती म्हणाली.

"उन्हाळ्यात नवीन आले का बदलून घेईन," नागसेन म्हणाला. "तवरोक तुह्या समाधानासाठी."

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात धुकं पडलं. टेंभरीत धुकं पडतं ते पाण्यातून उठल्यासारखं, खालून वर. सकाळी सातला नागसेन आणि महादेवराव जाळं उचलायला गेले. अर्ध्या तासानं महादेवरावांची हाक ऐकू आली. त्यांचा डोंगा पाण्याखालच्या जुन्या विजेच्या खांबावर चढून उलटला होता. काठावरून संस्थेच्या पलीकडच्या घाटावरचा मुकेश आणि दोघेतिघे डोंगे घेऊन धावले. महादेवराव पाच मिनिटांत सापडले. धुक्यात नारंगी रंग दिव्यासारखा दिसत होता, मुकेश म्हणाला, सरळ जाऊन उचललं.

नागसेन सापडला नाही.

धुरपताबाई काठावर आली तेव्हा महादेवराव ब्लँकेटमध्ये थरथरत होते. दातांवर दात आपटत त्यांनी सांगितलं की डोंगा उलटताना कड नागसेनच्या गळ्यावर बसली, तो बाजूला फेकला गेला, मग दिसला नाही. हाका मारल्या, उत्तर नाही. तीन डोंगे फिरत होते. लोक एकमेकांना ओरडून सांगत होते, नारंगी बघा, बुडालेल्या झाडांच्या खोडांपाशी बघा, नारंगी कुठं दिसते का बघा. पाऊण तास झाला. मयुरी अनवाणी उभी होती आणि तोंडातल्या तोंडात तेच म्हणत होती, नारंगी, नारंगी.

मुकेशचा डोंगा माणूस बदलायला काठाला लागला. धुरपताबाई गुडघाभर पाण्यात शिरून त्याच्यापाशी गेली.

"त्याचं जॅकेट नारंगी नाई."

"मंग कोणतं हाय?"

तिला रंगाचं नाव सांगता येईना. तिनं पाण्याकडं बोट दाखवलं.

मुकेशनं त्या बोटाकडं पाहिलं, मग पाण्याकडं, मग तिच्याकडं. त्याच्या तोंडून शिवी येणार होती, ती त्यानं गिळली. मयुरीचं पुटपुटणं थांबलं. महादेवरावांनी मान खाली घातली, कारण त्या रंगाला भारी म्हणणाऱ्यांत ते एक होते.

"आपण दोनदा गेलो असू त्याच्याजवळून," मुकेश हळूच म्हणाला.

धुरपताबाईनं महादेवरावांशेजारी पडलेलं ओलं नारंगी जॅकेट उचललं आणि अंगात घातलं. तिला ते मोठं होत होतं. ती डोंग्यात चढायला लागली तसे दोघं पुढं झाले, बाई, तुम्हाला पोहता येत नाही. तिनं ऐकलं नाही. मुकेशला म्हणाली, आपल्याला तो दिसत नाही, पण त्याचे डोळे उघडे असतील तर त्याला आपण दिसू. मला तिथं घेऊन चल, जिथं डोंगा उलटला, आणि मग वल्हं थांबव.

खांबापाशी धुकं इतकं दाट होतं की डोंग्याचं एक टोक दुसऱ्या टोकावरून दिसेना. मुकेशनं वल्हं उचलून धरलं. पाण्यावर बारीक मासोळ्यांचे बुडबुडे उठत होते, टप टप टप. धुरपताबाई डोंग्यात उभी राहिली. तिनं हाक मारली नाही. एक पाय उचलून तिनं डोंग्याच्या एका कडेला भार टाकला, डोंगा जरा हलला, सावरला. पुन्हा टाकला. दोनदा सरळ, तिसऱ्यांदा कलंडत.

"वयनी, काय करून राह्यल्या?"

"गप राह्य."

आयुष्यभर तिनं डोळ्यांत भरेल असं काही अंगावर घातलं नव्हतं. पुलगावच्या दुकानात नाही, लग्नकार्यात नाही, नवरा होता तेव्हाही नाही. आता धुक्यात ती एकटी नारंगी उभी होती आणि पाण्यात जे काही असेल त्या सगळ्याला दिसत होती.

बुडबुडे थांबले.

मुकेशनंही ते ऐकलं. आधी डोंग्याला लागून थांबले, मग एक हातावर, मग जिथवर दिसत होतं तिथवर. पाणी काचेसारखं सपाट झालं. आणि डाव्या बाजूनं, धुक्याखालून, एक तरंग यायला लागला. बाणाच्या टोकासारखा, दोन्ही बाजूंना रेघ फाकत. त्या टोकाशी काही दिसत नव्हतं. पाणीच पाण्यातून चालत येत होतं. आवाज नाही, श्वास नाही, आणि दिशा सरळ तिच्याकडं.

मुकेशनं वल्हं डोक्यावर उगारलं. "वयनी, खाली बसा."

ती बसली नाही. ते पोरगं असेल किंवा नसेल, तिला माहीत नव्हतं. तरंग चार हातांवर आला, दोन हातांवर आला, आणि मग पाण्याला तोंड आलं. उघडं तोंड, पांढरे दात, वर काळे केस चिकटलेले. ते तोंड डोंग्याच्या कडेवरून वर आलं आणि तिच्या जॅकेटच्या लोंबत्या पट्ट्यावर आवळलं गेलं.

मुकेशचं वल्हं हवेतच राहिलं. "नागसेन," तो म्हणाला. "बाप रे. नागसेन हाय हा."

त्याला डोंग्यात ओढून घेतला तरी पट्टा दातांतून सुटेना. एक हात खांद्यातून निखळला होता, दुसरा गारठून लाकूड झाला होता, म्हणून बिचाऱ्यानं दातांनी धरलं, असं मुकेशनं काठावर सगळ्यांना सांगितलं. पुढं गावभर तसंच सांगितलं गेलं. लोकांच्या डोळ्यांना पाणी आलं. धुरपताबाईनं आपल्या हातांनी त्याचा जबडा उकलला. त्याच्या जॅकेटच्या फटींतून, सदऱ्याच्या बाह्यांतून, मानेमागून बारीक मासोळ्या डोंग्यात गळून पडल्या, मूठ-मूठ, आणि लाकडावर तडफडू लागल्या.

वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, खांदा बसवलाय, गळ्याला मुका मार आहे, आवाज येईल हळूहळू. थंडीनं डोकं बधिर होतं, म्हणून चार दिवस विचित्र बोलला तर घाबरू नका. तो काहीच बोलला नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी, मयुरी खाली औषधं आणायला गेली तेव्हा, त्याचा आवाज फुटला. खरखरीत, दुसऱ्याच कोणाचा असावा तसा.

"माय. तीन डोंगे गेले माह्याजवळून. मुकेशकाकाचा खोकला ऐकू आला मले."

"मले माफ कर, बाबू."

"तसं नाई म्हणून राह्यलो मी."

"आवाज गेलता तुहा, मले माहीत हाय. हात चालत नोहता."

"एक हात चालत होता." तो छताकडं बघत होता. "वर करावासाच नाई वाटला. आधी थंडी वाजली, मंग नाई वाजली. त्या बारीक मासोळ्या आल्या. काखेत, मानेखाली. एकबी पळाली नाई, माय. मले त्याहीनं त्याहीच्यातलाच धरलं. लय बरं वाटत होतं. वाटे, आता कोणी बलावू नये."

धुरपताबाईनं त्याच्या पायांवरची चादर सारखी केली. ती सारखीच होती.

"मंग थे दिसलं. नारंगी."

"मी होती ते."

"मले नाई माहीत तू होती. माणूस हाय हेबी नाई माहीत. सगळं एका रंगाचं, अन् हे एकटंच तिथी उभं राहून कलंडत होतं. इतका राग आला मले. हे काऊन हाय इथी? हे इथलं नोहे." त्याला खोकला आला. ती पाण्याचा पेला घेऊन उठली, पण त्यानं तोंड फिरवलं. "भूक नोहती. भेवबी नोहतं. राग होता. मी जीव वाचवाले नाई आलतो तुह्याकडे."

इतक्या वर्षांत तिनं शेकडो मासोळ्या रंगवल्या होत्या. घेणाऱ्यांना पटवून दिलं होतं, कोणता रंग का लागतो, कोणती चाल का लागते. खालून येणाऱ्याच्या मनात काय असतं, हे सांगणारं तिला आजवर कोणी भेटलं नव्हतं.

तिनं पेला खाली ठेवला.

"मी आहो, हे कवा समजलं तुले?"

"तू माह्यं तोंड उकललं ना डोंग्यात. त्याच्याबी नंतर."

बाहेर चपलांचा आवाज आला. मयुरी औषधांची पिशवी घेऊन दारात उभी राहिली. नवऱ्याचा आवाज ऐकून तिचा चेहरा फुलला होता. घाईत घरून निघताना तिनं अंगावर लग्नातली पिवळी ओढणी घेतली होती. पांढऱ्या भिंती, पांढऱ्या चादरी, दिव्याचा पांढरा उजेड, आणि त्यात ती.

नागसेनची मान हळूहळू तिच्याकडं वळली. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचं कण्हणं मध्येच थांबलं.

धुरपताबाई उठली आणि दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"ओढणी दे वं मले," ती सुनेला म्हणाली. "थंडी वाजून राह्यली."

मयुरीनं ओढणी काढून दिली. धुरपताबाईनं ती डोक्यावरून घेतली, खांद्यावरून, नीट सगळीकडून लपेटली. सुनेला म्हणाली, तू घरी जा, आज मीच राहते इथं. मग तिनं स्टूल ओढून खाटेला लावलं आणि मुलाच्या अगदी डोळ्यांसमोर बसली.